अंड्याचे पाच रुपये वाचवणाऱ्या साहेबांना

प्रति,
शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा खर्च ज्यांनी कापला ते महोदय,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहीत नाही, कारण प्रेम नाही. राग आहे, आणि तो झाकून ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

तुमचं नाव मला माहीत नाही. शासन निर्णय निघतो तो राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने. खाली एक सही असते आणि एक लांबलचक संकेतांक. पण टिपणी कुणीतरी लिहिलेली असते, कुणीतरी ती पुढे सरकवलेली असते, कुणीतरी ‘मान्य’ म्हटलेलं असतं. तुम्ही एक आहात की दहा, खुर्चीवर निवडून आलेले आहात की परीक्षा देऊन, याच्याशी मला कर्तव्य नाही. ज्यांनी ज्यांनी त्या कागदाला हात लावला, त्या सगळ्यांना मिळून हे एकच पत्र.

तुम्ही काय केलंत ते आधी सांगते, कारण तुमच्या टेबलावरून रोज इतके कागद जातात की हा एक तुमच्या लक्षातही नसेल. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेतल्या जेवणाबरोबर आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं. उकडून द्या, पुलावात घाला, बिर्याणी करा. जो अंडं खात नाही त्याला केळं किंवा दुसरं फळ. एका अंड्यामागे पाच रुपये सरकार देणार. पुढे पंधरवड्याच्या पाककृतींची यादी आली, तीत अंडा पुलाव होता, तांदळाची खीर होती, नाचणी सत्त्व होतं. आणि जानेवारी 2025 संपता संपता तुमचा कागद आला: अंडा पुलाव, खीर, नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक. ज्या शाळेला द्यायचे असतील तिने द्यावेत. अंडी आणि साखर यांच्यासाठी सरकार वेगळा निधी देणार नाही, ती लोकसहभागातून आणावीत.

‘बंद’ असं तुम्ही कुठेही लिहिलं नाहीत. त्यामुळे उद्या विधानसभेत कुणी विचारलं तर ‘अंडी आम्ही बंद केलेलीच नाहीत’ असं छातीठोक उत्तर देता येईल. हे कसब तुमच्याकडे आहे. ते मुलांच्या पोटासाठी वापरलं असतंत तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याने अशी समिती प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत असते, तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका. आम्ही शेतावर जाणाऱ्या, दुकानात बसणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायका. तुमचा कागद शेवटी येऊन पडतो तो आमच्या पुढ्यात.

अंडं मिळायचं तेव्हाचा बुधवार तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी नऊलाच मोठ्या पातेल्यात पाणी चढवायच्या, त्यात मूठभर मीठ, अंडी तडकू नयेत म्हणून. ट्रे उघडून एकेक अंडं कानाशी हलवून बघायच्या, खळखळ वाजलं की बाजूला. ती बाजूला पडलेली दुकानदाराला परत देऊन बदलून आणायचं काम मुख्याध्यापकांचं. मधल्या सुट्टीत पोरं पंगतीला बसली की गलका व्हायचा तो वेगळाच. सोलायला न येणाऱ्या पहिलीतल्या पोरांची अंडी सातवीतल्या मुली सोलून द्यायच्या. तिसरीतला एक मुलगा पांढरं आधी संपवायचा आणि बलक मुठीत धरून शाळेला एक चक्कर मारून मग खायचा. पहिलीतली एक मुलगी अंडं दप्तरात टाकायची, घरी दोन वर्षांचा भाऊ आहे म्हणून. मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी तिला समोर बसवून खायला लावलं. तरी ती अर्धंच खायची आणि उरलेलं अर्धं कागदात बांधून न्यायची. बुधवारी हजेरी भरलेली असायची हे सांगायला मला हजेरीपट उघडावा लागत नाही, समितीवरच्या प्रत्येकीला ते ठाऊक होतं.

मग फेब्रुवारीची सभा झाली. मुख्याध्यापकांनी तुमचा निर्णय वाचून दाखवला. लोकसहभाग म्हणजे काय ते समजावून सांगितलं: गावातल्या दानशूर व्यक्तींनी पुढे यावं. खोलीत कुणी बोलेना. शेवटी एका पोराचे आजोबा, ज्यांचा मुलगा आणि सून दर वर्षी ऊसतोडीला जातात, ते म्हणाले, “म्हणजे पोरांची अंडी आम्हीच आणायची का? आमच्यानं झालं असतं तर घरीच नसती का घातली?”

साहेब, तुमच्या अख्ख्या निर्णयाला त्या आजोबांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मुख्याध्यापकांकडे नव्हतं. तुमच्याकडे असेल तर लेखी कळवा, सभेत वाचून दाखवते.

आता हिशोब. आमच्या शाळेचा पट शंभराच्या आसपास. दुकानात अंडं सात रुपयांना पडतं, म्हणजे एका बुधवारचे सातशे, महिन्याचे अठ्ठावीसशे. वर्षभर दर महिन्याला अठ्ठावीसशे रुपये देणारा माणूस आमच्या गावात कोण? किराणा दुकानदार एकदा देईल. सरपंच निवडणुकीच्या आधी दोनदा देतील. कुणाच्या नातवाचा वाढदिवस असला तर तो जिलेबी वाटेल, कारण वाढदिवसाला अंडी वाटली तर कसं दिसेल? श्रावणात देणारा कुणी नाही, मार्गशीर्षात नाही. राहिले शिक्षक. तुमचा निर्णय आल्यापासून कितीतरी शाळांत शिक्षकच खिशातून पैसे घालत असतील, आणि तुमच्या अहवालात ते ‘उत्स्फूर्त लोकसहभाग’ म्हणून जात असतील.

पण हेही सोडा. तुमच्या निर्णयातली खरी चूक याहून मोठी आहे. ज्या गावात बागायत आहे, साखर कारखाना आहे, पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी आहेत, त्या गावची शाळा वर्गणी गोळा करील. तिथल्या मुलांना अंडं मिळेल, आणि तिथल्या बऱ्याच मुलांना ते घरीही मिळत असेल. ज्या पाड्यावर दुकानच नाही, ज्या वस्तीवर दिवाळीनंतर म्हातारी माणसं आणि पोरंच मागे राहतात, तिथे वर्गणी कुणाकडे मागायची? गरज जिथे सर्वांत जास्त तिथे लोकसहभाग सर्वांत कमी, हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. सरकार नावाची गोष्ट माणसांनी नेमकी याच्यासाठी उभी केली, की नंदुरबारच्या पाड्यावरच्या पोराचं जेवण त्या पाड्याच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये. ते काम तुम्ही पाड्यावरच परत पाठवलंत.

आणि साखर! महाराष्ट्रात साखर मागायला शाळेने दारोदार जायचं? उत्तर प्रदेशाच्या खांद्याला खांदा लावून देशाला साखर पुरवणारं हे राज्य. इथे कारखान्यांसाठी थकहमी दिली जाते, कर्जांची पुनर्रचना होते, इथेनॉलच्या धोरणावर बैठकांमागून बैठका होतात. आणि नाचणीच्या सत्त्वात घालायची चमचाभर साखर सरकारला परवडत नाही, असं तुम्ही शासन निर्णयात छापून घेतलंत. ज्यांनी तो ऊस तोडला त्यांचीच पोरं त्या पंगतीत बसलेली असतात. हे लिहिताना माझा हात थांबला, तुमचा का थांबला नाही?

पैशाचं म्हणाल, तर अंड्यांवर वर्षाला सुमारे 50 कोटी रुपये जात होते असं तेव्हा वृत्तपत्रांत छापून आलं. मार्च 2025 मध्ये मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. भागाकार करून बघा: सरकार जे चौदा हजार रुपये खर्च करतं, त्यातला एक रुपया. तिजोरीवर ताण आहे हे मला मान्य आहे, वर्तमानपत्र मीही वाचते. पण चौदा हजारांतला तो एकच रुपया तुमच्या नजरेला कसा पडला? बाकीच्या तेरा हजार नऊशे नव्व्याण्णवांत काटछाट करण्यासारखं काहीच नव्हतं? मला वाटतं, होतं. पण त्यातल्या प्रत्येक रुपयामागे कुणीतरी फोन करणारा होता. ठेकेदाराला आमदार ओळखतो. दुसरीतल्या पोराला मंत्रालयातलं कुणी ओळखत नाही.

अंड्याच्या बाजूने बोलायला लागलं की लगेच कुणीतरी सांगतं, शाळेत जेवण मिळतंच की. मिळतं. ते कसलं हेही बघू. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ, आणि डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, इंधन या सगळ्याला मिळून मे 2025 मध्ये ठरलेले 6 रुपये 78 पैसे. सहावी ते आठवीसाठी 10 रुपये 17 पैसे. एवढ्यात मावशी डाळ शिजवतात, भाजी घालतात, वर फोडणी देतात. तुमच्या कॅन्टीनमधला चहा कितीला आहे ते मला माहीत नाही, पण या पैशात त्या ज्या चवीची खिचडी करतात ती खाऊन बघायला एकदा या. या पैशात अंडं बसत नाही, कितीही ओढाताण केली तरी. म्हणूनच वेगळे पाच रुपये होते. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शरीराला पुरेपूर लागू पडणारी, आणि बी-12 जीवनसत्त्व असतं, जे डाळ-भातात मिळत नाही.

आणि घरी काय मिळतं? रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात एप्रिल 2025 मध्ये ठरली दिवसाला 312 रुपये, तीही काम निघालं तर. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला एक अंडं द्यायचं तर पस्तीस रुपये. दिवसाच्या मजुरीचा नववा हिस्सा नुसत्या अंड्यांना. त्यावर तेल आहे, डाळ आहे, सिलिंडर आहे, म्हाताऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, बचत गटाचा हप्ता आहे. तेव्हा आई काय करते? पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते. शाळेच्या फाटकासमोर टपरी असते, तिच्यावर रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, पाच रुपयांना एक. आत पामतेलात तळलेलं पीठ, मीठ आणि हवा. पोर गप्प होतं. शहाणी माणसं मग भाषणं करतात की गरिबांना आहाराचं ज्ञान नाही. ज्ञान आहे, साहेब. आमच्या वाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा, अंडं बरं की पुडी? ती तुमच्या तोंडाकडे बघत राहील. सात रुपये आणि पाच रुपये यांतला फरकही तिला कळतो.

म्हणून तर सरकारने मध्ये पडायचं असतं. जी वस्तू शरीराला लागते पण खिशाला परवडत नाही, तिच्या किमतीतला काही भाग सार्वजनिक पैशातून उचलायचा, म्हणजे गरीब घर ती घेऊ शकेल. यात उपकार नाहीत. ज्याने काडेपेटीसुद्धा कर भरून घेतली त्याचेच पैसे आहेत ते.

लाडक्या बहिणीला दीड हजार देतोच की, असं तुम्ही म्हणाल. मी त्या पैशाच्या विरोधात नाही. ज्या बाईच्या हातात आयुष्यात स्वतःचे असे पैसे आले नव्हते, तिच्या खात्यात ते येतात, याचं मोल मी जाणते. पण त्या दीड हजाराला घरात किती तोंडं आहेत ते तुम्हाला माहीत नाही. गॅस आहे, मोबाइलचं रिचार्ज आहे, सासूचा चष्मा आहे, मागची उधारी आहे. ते पैसे अंड्यापर्यंत पोचतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही, ती बाईसुद्धा नाही. ताटात वाढलेलं अंडं मात्र सावकाराला देता येत नाही, नवऱ्याला काढून घेता येत नाही. ते पोराच्याच पोटात जातं. एक दिलं म्हणून दुसरं काढून घ्यायचं, हा हिशोब तुम्ही कुठे शिकलात?

रेशनचंही तेच. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. माणशी महिन्याला पाच किलो धान्य, आणि जानेवारी 2023 पासून ते फुकट. उपाशी कुणी झोपू नये ही मोठी गोष्ट आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण पोतं कसलं? गहू आणि तांदूळ. पोट भरतं, अंग भरत नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, चारातलं एक मूल उंचीच्या मानाने हडकलेलं निघालं, आणि रक्तक्षय तर शंभरातल्या जवळजवळ एकोणसत्तर मुलांना. ही धान्याच्या दुष्काळातली मुलं नाहीत. गोदामं भरलेली असतानाची मुलं आहेत. त्यांच्या ताटात डाळ पातळ आहे, भाजी नावाला आहे, आणि अंडं-दूध सणासुदीला.

तमिळनाडूत रेशनच्या दुकानात तूरडाळ तीस रुपये किलो मिळते आणि पामतेल पंचवीस रुपये लिटर. 2024 मध्ये आपल्याकडे किराणा दुकानात तूरडाळ पावणेदोनशेच्या घरात गेली होती. छत्तीसगडने 2012 मध्ये स्वतःचा कायदा करून आदिवासी भागांत पाच रुपये किलोने चणे द्यायला घेतले. छत्तीसगड श्रीमंत राज्य म्हणून ओळखलं जातं का? आणि आपण तर तूर पिकवणारे. लातूर आणि अकोल्याच्या बाजारात तुरीचे भाव ठरतात. 2017 साली तूर इतकी पिकली की शेतकऱ्यांनी खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टर लावून रात्री काढल्या, बारदान संपलं म्हणून खरेदी थांबली, आणि माल हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला गेला. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यांतल्या मजुरांच्या घरात वरण पातळच होतं. ती तूर विकत घेऊन दर महिन्याला रेशनवर दिली असती तर शेतकरीही तरला असता आणि मजुराचं पोरही. आपल्या सरकारने काय दिलं? 2022 च्या दिवाळीपासून शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’: रवा, साखर, पामतेल, चणाडाळ. सण गोड झाला, छान झालं. पण पोरं वर्षभर वाढत असतात.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. अंड्यांना काही मंडळींनी भावनेच्या नावाने विरोध केला होता. तुमच्या निर्णयात तसं कारण लिहिलेलं नाही, म्हणून ते तुमच्या माथी मारत नाही. त्या मंडळींना मात्र इथेच सांगते. तुमच्या मुलाला केळं मिळत होतं. तुमच्या ताटात कुणी अंडं वाढलं नव्हतं. तुमच्या मुलाच्या ताटात काय नसावं हे सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. शेजारी बसलेल्या कातकऱ्याच्या, भिल्लाच्या, मांगाच्या पोराच्या ताटात काय नसावं हे सांगायचा नाही. त्याच्या घरात अंडं निषिद्ध नाही, महाग आहे.

पुन्हा तुमच्याकडे वळते, कारण तुमच्याच सरकारला अंड्याचं मोल फार आधीपासून माहीत आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी. चांगली योजना आहे. मग मला एवढंच सांगा, की अंगणवाडीत अंडं खाणारं मूल सहा वर्षांचं होऊन पलीकडच्या इमारतीत पहिलीच्या वर्गात बसलं, की त्याच्या शरीरात असं काय बदलतं, ज्यामुळे त्याला अंड्याची गरज उरत नाही? बदलतो तो फक्त विभाग. अंगणवाडी महिला व बालविकासाची, शाळा शालेय शिक्षणाची. मुलाच्या हाडांना खाती कळत नाहीत.

बाहेर काय चाललंय तेही बघा. तमिळनाडूत शाळेच्या आठवड्याच्या पाचही दिवशी अंडं मिळतं. कर्नाटकात सरकार आठवड्याला दोन अंडी देत होतं. 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने तीन वर्षांसाठी सुमारे दीड हजार कोटी रुपये द्यायचं मान्य केलं आणि दोनाची सहा झाली. लोकसहभाग हवा तर तो असा. सरकारने आपला वाटा आधी घातला आणि दात्याने त्यावर भर घातली. तुम्ही आपला वाटा काढून घेतलात आणि दाता शोधायला मुख्याध्यापकांना पाठवलंत.

अमेरिकेसारख्या बाजाराला देव मानणाऱ्या देशातसुद्धा हे कळलेलं आहे. डेट्रॉइट शहरात 2009 मध्ये काही शेतकरी बाजारांत एक प्रयोग सुरू झाला: सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर गरीब माणसाने एका डॉलरची फळं-भाजी घेतली की त्याला आणखी एका डॉलरची फळं-भाजी मिळायची. गरिबाची पिशवी भरली आणि जवळच्या शेतकऱ्याचा मालही खपला. 2014 च्या शेती कायद्यात तिथल्या संसदेने अशा प्रयोगांसाठी पैसा ठेवला, आणि 2018 च्या कायद्याने तो कायमचा केला. आपल्याकडे तर प्रत्येक तालुक्यात आठवडी बाजार भरतो. रेशनकार्डावर पन्नास रुपयांचं भाजीचं कूपन दिलं आणि ते त्याच बाजारात शेपू, मेथी, शेवगा, टोमॅटो विकणाऱ्या बाईकडे चाललं, तर पैसा तालुक्यातच राहील. त्या बाईची पाटी दुपारपर्यंत रिकामी होईल, आणि संध्याकाळी उरलेली मेथी गुरांना घालायची वेळ येणार नाही.

अंड्यांचंही तसंच करता येतं. आमच्या गावात बचत गटाच्या बायकांनी तेव्हा कोंबड्या पाळायला घेतल्या होत्या, शाळेला दर बुधवारी शंभर अंडी लागतात एवढ्या एका भरवशावर. ठरलेलं गिऱ्हाईक आणि ठरलेला दिवस, गावातल्या बाईला धंदा करायला यापेक्षा जास्त काय लागतं? तुमचा कागद आला आणि ते गिऱ्हाईक गेलं. त्यातल्या दोघींनी कोंबड्या विकल्या. तुमच्या बचतीच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात धरलं आहे?

माझ्या मागण्या फार नाहीत. अंड्याचा निधी परत सुरू करा, आणि दर पाच रुपयांवर खिळवून ठेवू नका. बाजारभाव रोज जाहीर होतो, त्याला तो बांधा. आठवड्याला एक हे सुरुवात म्हणून ठीक आहे, दोन करा. साखर किंवा गूळ सरकारने द्यावा, नाचणी सत्त्व ऐच्छिक राहू नये. रेशनवर दर महिन्याला कुटुंबामागे दोन किलो डाळ ठरलेल्या दराने द्या, आणि ती इथल्याच शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्या. आणि ज्या शाळांनी तुमच्या निर्णयानंतर अंडं बंद केलं, त्यांची जिल्हावार यादी जाहीर करा. यादीच्या वरच्या टोकाला कुठले तालुके येतील हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाल्या. पहिल्याच बुधवारी दुसरीतल्या एका मुलाने मावशींना विचारलं, “आज अंडं?” मावशींनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही, कारण त्यांना ते सांगता येण्यासारखं नव्हतं. पूर्ण महिन्याच्या राबणुकीला ज्यांच्यासाठी केंद्राने 2009 मध्ये एक हजार रुपये मानधन ठरवलं आणि राज्याच्या तुटपुंज्या वाढीवर ज्यांची चूल पेटते, त्या मावशींनी तुमच्या निर्णयाचं समर्थन करावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही. ते तुम्ही येऊन करा. बुधवारी या, दुपारी साडेबाराला, पंगतीसमोर उभे राहा आणि त्या मुलाला तोंडाने सांगा.

हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्या पालकांना आणि समित्यांवरच्या बायकांना एक विनंती. 15 ऑगस्टला ग्रामसभा असते. ‘आमच्या शाळेला अंड्याचा निधी मिळालाच पाहिजे’ एवढा एका ओळीचा ठराव मांडा, सह्या घ्या, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. आमच्या समितीने ठराव लिहून ठेवला आहे.

कळावे,
जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची एक सदस्य